पाणी थांबलं की शाळा सुटते

दिवाळीच्या सुट्टीला जोडून मी रजेचा अर्ज दिला, तेव्हा आमच्या हेडमास्तरांनी विचारलं, "कुठं, बाई?" मी म्हटलं, "उत्तरेला, लेकीकडं." त्यांना दिल्ली वाटली असावी. "स्वेटर घ्या बरं का," ते म्हणाले, "तिकडं गारठा असतो."

लेक माझी दिल्लीच्या कितीतरी वर होती. सुजाता बेळगावातच इंजिनियर झाली, स्कॉलरशिप मिळवून कॅनडाला गेली आणि तिथल्या विद्यापीठातल्या काही माणसांबरोबर समुद्राच्या वाहत्या पाण्यावर वीज करायच्या खटपटीला लागली. त्यासाठी ती ज्या गावात राहत होती, ते माझ्या वर्गातल्या नकाशावर जवळजवळ वरच्या लाकडी काठीला टेकलेलं होतं. गावाचं नावही नकाशात नव्हतं. मी अंदाजानं बोट ठेवायची.

ते गाव बघायचं होतं हे खरं, पण मनात दुसरंही होतं. सुजाताचे वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. टिळकवाडीतल्या घरात मी एकटीच. बेळगावच्या एका कॉलेजात लेक्चररची जागा निघणार होती. मी जाऊन विचारून आले होते. जूनमध्ये मुलगी इथं असेल तर जरूर विचार करू, असं ते म्हणाले होते. तेव्हा मी निघाले होते ती लेकीला घेऊन यायला. स्टेशनवर पोचवायला माझा धाकटा भाऊ दिनकर निपाणीहून आला होता. गाडी हलली तसा तो खिडकीबरोबर चालत म्हणाला, "आक्का, तिचं काय ऐकू नगंस आता. घिऊनच ये."

"बघती," मी म्हटलं.

मुंबईहून सुटलेलं विमान एवढं मोठं होतं की आमच्या शाळेचे सगळे वर्ग त्यात बसले असते. पुढचं त्याहून लहान, त्याच्या पुढचं आणखी लहान. शेवटचं तर आपल्या खानापूरच्या टेम्पोसारखं: निम्म्या भागात माणसं, निम्म्या भागात टपालाच्या पिशव्या, सफरचंदांच्या पेट्या आणि कुणाचं तरी शिलाई मशीन. खाली झाडं होती, ती खुरटत गेली आणि मग संपलीच. नुसते खडक, आणि खडकांच्या खळग्यांत गोठायला आलेली तळी. झोप आणि जाग यांतला फरक मधल्या कुठल्यातरी विमानतळावर राहून गेला होता. माझी गरम कपड्यांची बॅगही तिथंच राहिली होती, हे मला नंतर कळलं.

विमान कलतं झालं आणि शेजारच्या बाईनं मला कोपरानं ढोसून खाली दाखवलं. दोन पांढऱ्या किनाऱ्यांच्या मधून काळंभोर पाणी वाहत होतं. समुद्रच तो, पण नदीसारखा वाहणारा, भोवरे घेत जाणारा. त्याच्यावरून वाफा निघत होत्या. आधणाला ठेवलेल्या पाण्यावर निघतात तशा, सगळ्या समुद्रभर. सूर्य क्षितिजाला चिकटून बसला होता आणि त्या वाफा गुलाबी दिसत होत्या. एवढ्या गारठ्यात हे पाणी उकळतंय कसं, असा वेड्यासारखा विचार माझ्या मनात आला.

धावपट्टी म्हणजे खडीचा रस्ता. मी उतरले ती साडी, शाल आणि कॅनव्हासच्या बुटांत. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी काढलं. केसाळ टोपीतलं एक माणूस माझ्याकडे पळत आलं. कोण ते कळेना, पण ते बोललं, "आई! साडीत आलीस व्हय गं तू?" आणि मग मला ती दिसली.

सुजाता एका म्हातारीच्या घरी राहत होती. तिचं नाव एलिसापी. ठेंगणी, रुंद, हसली की डोळे मिटून जायचे. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आत गेली आणि एक जाडजूड कोट घेऊन आली. त्याला तिथले लोक आमाउती म्हणतात (पाठीवर मूल बसेल एवढी मोठी टोपी असलेला बायकांचा अंगरखा). तो तिनं माझ्या साडीवरूनच चढवला. मग सुजाताकडे बोट करून मला विचारलं, "आनाना?"

"म्हणजे आई," सुजाता म्हणाली.

मी मान हलवली. एवढ्या लांबच्या भाषेत तो शब्द माझ्या तोंडाला इतका सोपा जाईल असं वाटलं नव्हतं. 'आनाना,' मी स्वतःशीच म्हणून पाहिलं.

जेवायला जमिनीवर पुठ्ठा पसरला होता. त्यावर गोठलेला कच्चा मासा. एलिसापीनं उलू घेतला (अर्धचंद्राच्या पात्याची बायकांची सुरी, आपल्या विळीच्या पात्याला मूठ बसवावी तशी) आणि माशाचे पातळ काप काढले. मी माझ्या हरवलेल्या बॅगेसाठी हळहळत होते, पण पिठाची आणि चटण्यांची पिशवी पोचली होती. मी शेंगदाण्याची चटणी काढली. एलिसापीच्या मुलानं, नोआनं, माशाचा काप त्यात बुडवला, तोंडात टाकला आणि त्यानं बरणीच आपल्याकडे ओढून घेतली. बेळगावहून नेलेला कुंदा दगडासारखा झाला होता. तोही एलिसापीनं उलूनंच कापला.

मासा मीही खाल्ला. जिभेवर आधी नुसती थंडी लागते, चव मागाहून येते.

दुसऱ्या दिवशी नोआ आणि सुजाता मला किनाऱ्यावर घेऊन गेले. सामुद्रधुनीच्या (दोन किनाऱ्यांमधल्या समुद्राच्या चिंचोळ्या वाटेच्या) कडेला एक तराफा जाड दोरांनी बांधला होता. त्याच्या पोटाखाली यंत्र होतं. मला फक्त वरचा फिरणारा दांडा दिसत होता.

"ताक घुसळायची रवी पाण्यात उभी सोडलीया असं समज," सुजाता म्हणाली. "खाली तीन उभी पाती हाईत."

"रवी दोन्हीकडं फिरती."

"ही एकाच बाजूला फिरती. भरतीचं पाणी इकडनं येऊ दे, न्हायतर ओहोटीचं तिकडनं. तिला फरक पडत न्हाय." बोलता बोलता तिनं दांड्यावर हात ठेवला, जनावराच्या मानेवर ठेवावा तसा. मी तो हात बघत राहिले.

मग तिनं मला सगळं सांगितलं. या गावाला तेल पोचवणारं जहाज वर्षातून एकदा येतं, बर्फ नसतं तेव्हा. त्या तेलावर घरं ऊबदार राहायची, त्यावरच जनित्र चालायचं. मागच्या हिवाळ्याच्या शेवटी तेल कमी पडलं आणि सगळ्यांत आधी शाळा बंद झाली. त्यावर सरकारी माणसं म्हणाली, एवढ्याशा गावाला कसली शाळा, तुम्ही सगळे दक्षिणेच्या मोठ्या गावात चला. एलिसापीच्या लहानपणी असंच एकदा त्यांना हलवलं होतं. पहिल्याच हिवाळ्यात तिचे आईवडील कुत्र्यांच्या गाडीवरून तिला परत घेऊन आले होते. आता एक अधिकारी येऊन बघणार होता. समुद्राच्या पाण्यावर शाळेचे दिवे चालतायत हे त्यानं पाहिलं, तर शाळा राहील. शाळा राहिली तर गाव राहील.

"आणि चालतायत?" मी विचारलं.

"चालतात की. फक्त पाणी थांबलं की थांबतात."

भरती संपून ओहोटी लागायच्या आधी समुद्र थोडा वेळ नुसता उभा राहतो. तेवढ्यासाठी वीज साठवायच्या बॅटऱ्या मागवल्या होत्या, पण जहाजानं त्या पेट्या दुसऱ्याच गावात उतरवल्या होत्या. तेल तर घरांसाठी राखायचं होतं. म्हणून गावानं उलटा मार्ग काढला होता. पाणी वाहील तेव्हा शाळा भरवायची. पाणी थांबलं की शाळा सुटली.

तीस वर्षांच्या नोकरीत अकराची घंटा अकरालाच ऐकलेली मी. इथं घंटा रोज पुढे सरकायची. आज सकाळी, मग उशिरा सकाळी, मग दुपारी. मुलं घड्याळाकडे बघतच नसत. खिडकीतून पाण्याकडे बघत आणि दप्तरं उचलत. दिवस तसेही लहान झाले होते. सूर्य थोडा वर यायचा, दमायचा आणि उतरायचा. मग तास न् तास निळा उजेड. निळा म्हणजे धुतलेल्या कपड्यांना नीळ जास्त झाली की दिसतो तसा. त्या उजेडात घरं, बर्फ, कुत्री, सगळं जरासं तरंगल्यासारखं वाटायचं. मीही तरंगतच होते. आपण कुठल्या वारी आलो, हे मला आठवेनासं झालं.

शाळेच्या तरुण मास्तरणीनं मला वर्गात बोलावलं. तिच्या फळ्यावरची लिपी पाहून मी चकित झाले. त्यांचं एकच अक्षर चार दिशांना वळवतात आणि प्रत्येक दिशेला स्वर बदलतो. म्हटलं, ही तर यांची बाराखडी! मी शेजारी क, का, कि, की लिहिलं. मुलं मोठ्यानं म्हणू लागली. मास्तरणीचं तान्हं मूल रडत होतं. ती आली, माझ्या आमाउतीच्या रिकाम्या टोपीत तिनं ते अलगद सोडलं आणि परत फळ्याकडे गेली. मला विचारलंसुद्धा नाही. थोड्या वेळानं माझ्या मानेवर त्याचा गरम श्वास लागू लागला. ते झोपलं होतं.

तेवढ्यात दिवे मंद झाले. आधी पिवळे, मग तांबूस. मागं बसलेल्या एलिसापीनं उठून खिडकीशी ठेवलेला कुलिक पेटवला (सीलच्या चरबीवर जळणारा दगडी पसरट दिवा). त्याच्या काठानं ज्योतींची एक बारीक रांग लागली. बाहेर पाणी अगदी स्तब्ध होतं. मुलांनी डोकी बाकांवर टेकली. त्या शांततेत मला माझं घर, कॉलेज, जून महिना, सगळं फार दूर कुणाचं तरी आहे असं वाटलं. मग मास्तरणीनं पुस्तक मिटलं, शाळा सुटली, आणि मुलं ओरडत घरी पळाली.

अधिकाऱ्याचं विमान यायच्या दिवशी धुकं पडलं. उघड्या पाण्याच्या त्या वाफाच दाट होऊन गावावर बसल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. विमानाचा आवाज एकदा डोक्यावरून आला आणि परत गेला. आठवडाभर सगळं गाव आभाळाकडे कान लावून होतं. आणि त्याच दिवसांत पाणी घट्ट होऊ लागलं. म्हणजे गोठलं नाही. त्यात बर्फाचा चिखल दिसू लागला, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा. तो यंत्राच्या पात्यांना चिकटायचा. दिवे भर प्रवाहातही मंद जळायला लागले. वरच्या बाजूनं बर्फाच्या लाद्याही वाहत येऊ लागल्या.

संध्याकाळी गावातली माणसं एलिसापीच्या घरी जमली. सुजाता मधे उभी होती. तराफा काढायचा की ठेवायचा, हे तिला ठरवायचं होतं. तिचे विद्यापीठातले वरिष्ठ त्या अधिकाऱ्याबरोबरच दूर अडकले होते आणि रेडिओवर त्यांनी ठरवणं तिच्यावर सोपवलं होतं. ठेवला तर पाहुण्याला दाखवता येईल, पण एक मोठी लादी बसली तर यंत्र तळाला जाईल. काढला तर यंत्र वाचेल, पण दाखवायला काही उरणार नाही.

"तुमची शाळा हाय," असं काहीसं ती इंग्रजीत म्हणाली. "तुम्ही सांगा."

नोआ म्हणाला, "शाळा आमची आहे. यंत्र तुला कळतं. तू सांग, आम्ही दोर ओढू."

सुजाता वडिलांसारखी अंगठ्याचं नख दातांत धरून उभी राहिली. मग म्हणाली, "काढायचा. उद्या पाणी थांबलं की."

दुसऱ्या दिवशी दुपार कलायच्या वेळी समुद्र थांबला. सगळं गाव किनाऱ्यावर होतं. सुजाता आणि नोआ होडीतून तराफ्यावर गेले, तळाच्या नांगरांचे दोर सोडायला. आम्ही किनाऱ्यावरचा जाड दोर धरून उभे. तराफा घसरावा म्हणून तेलाची रिकामी पिंपं खडीवर आडवी मांडली होती. माझ्यापुढे एलिसापी, मागं शाळेची पोरं, आणि पाठीवर मास्तरणीचं मूल, कारण तीही दोराला होती.

तीन दोर सुटले. चौथा गोठून लोखंड झाला होता. सुजाता त्यावर ओणवी होऊन कुऱ्हाडीनं घाव घालत होती. तेवढ्यात माझ्या पायापाशी पाण्यावरचा फेस हलला. इतका हळू, की मला भास वाटला. एलिसापीनं मात्र ओरडून सांगितलं. पाणी वळलं होतं.

धुक्यातून एक लादी आली. आपल्या घराच्या अंगणाएवढी असेल. ती तराफ्याच्या कोपऱ्यावर टेकली, आणि तराफा कुरकुरत कलंडू लागला. सुजाता गुडघ्यावर पडली. मी ओरडले, "सुजे, सोड ते! ये भाईर!" तिला ऐकू गेलं नसावं. तिनं पुन्हा घाव घातला. नोआनं तिचा कोट पाठीमागून धरला होता. दोर तुटल्याचा आवाज बंदुकीसारखा झाला.

"ओढा!" कुठल्या भाषेत कोण म्हणालं कळलं नाही. आम्ही ओढलं. हातमोज्यातल्या माझ्या तळव्यांची सालं निघाली. मागं पोरं पडत होती, उठत होती. पाठीवर बाळ रडायला लागलं. आणि मग पहिलं पिंप तराफ्याखाली गुरगुरत फिरलं, मग दुसरं, आणि ते काळं धूड, पात्यांवर बर्फाच्या दाढ्या लोंबत, खडीवर चढलं. एक पातं वाकलं होतं. सुजाता त्याच्यावरून उतरली, माझ्याजवळ आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्या जाड कोटावरून तिला कळत होतं की नाही, कुणास ठाऊक.

धुकं विरलं आणि विमान आलं. अधिकारी उंच, दमलेला, भला दिसणारा माणूस होता. शाळेत शिरला तेव्हा तिथं कुलिकांचाच उजेड होता.

"यंत्र कुठं आहे?" त्यानं विचारलं.

"किनाऱ्यावर," नोआ म्हणाला. "झोपलंय."

सुजातानं काही लपवलं नाही. कधीपासून चाललं, बर्फाच्या चिखलानं काय केलं, कुठलं पातं वाकलं, सगळं सांगितलं.

"म्हणजे खऱ्या हिवाळ्यात ते चालत नाही."

"अजून नाही. पाण्यात अगदी खोल, बर्फाच्या खाली लावता आलं तर चालेल. खालचं पाणी हिवाळाभर वाहतं. पण त्याला वेळ लागेल."

तो मुलांकडे बघत राहिला. मुलं दिव्याभोवती वाचत बसली होती. मग म्हणाला, "आणखी एक वर्ष मी मागून घेऊ शकतो. पण पुढच्या वर्षी हे करायला इथं कोण असणार?"

सगळ्या वर्गानं सुजाताकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कॉलेजचं सगळं ठाऊक होतं. आल्या दिवशीच मी सांगून टाकलं होतं, आणि तिनं तेव्हा विषयच बदलला होता. आता त्या परक्या माणसांसमोर तिनं मला आपल्या भाषेत विचारलं, "आई, काय सांगू?"

माझ्या पाठीवरचं मूल जड झालं होतं. मी म्हटलं, "तुझ्या मनात हाय ते सांग."

"तुला एकटीला..."

"ते मी बघती. त्यो माणूस थांबलाय. सांग त्याला."

ती त्याच्याकडे वळली. "मी असेन," म्हणाली.

एलिसापीला इंग्रजी फारसं येत नव्हतं. पण तिनं माझा हात आपल्या हातात घेतला आणि सालं निघालेल्या तळव्यावर दिव्यातली थोडी चरबी चोळली. बाकी काही नाही.

परतीच्या टेम्पोएवढ्या विमानात जागा मिळाली. धावपट्टीवर सुजाता लहान होत गेली, मग गावही, मग ते काळं वाहतं पाणी तेवढं उरलं. मिरजेला गाडी बदलताना गर्दी, चहावाल्यांचे आवाज, कानडी-मराठीची सरमिसळ कानावर आली तेव्हा मला झोपेतून कुणी हलवल्यासारखं झालं. बेळगावला उतरल्यावर पहिल्या आठवड्यात कॉलेजात गेले आणि सांगितलं की मुलगी येणार नाही. त्यांनी चहा पाजला. रस्त्यानं चालत घरी आले, कुलूप काढलं आणि पायरीवरच बसून पोटभर रडून घेतलं.

लोक विचारतात, एवढ्या लांब जाऊन काय पाहिलंस? मी पाण्याबद्दल सांगते, निळ्या उजेडाबद्दल सांगते. आपल्या पोटचं माणूस आपल्याला न विचारता इतकं मोठं झालेलं पाहिलं, हे सांगायला शब्द नीट सापडत नाहीत. आनंद आणि एकटेपणा हे मला आजवर वेगळे ओळखता यायचे. त्या गावातून आल्यापासून कधी कधी येत नाहीत.

यंत्र पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पाण्यात गेलं. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ते बर्फाखाली काही आठवडे चाललं, मग पुन्हा बिघडलं, पुन्हा दुरुस्त झालं. शाळा आहे. बॅटऱ्या पोचल्यापासून ती ठरलेल्या वेळी भरते, आणि मुलांना ते आवडलेलं नाही म्हणे.

दोन वर्षांनी, वैशाखात, सुजाता महिनाभर आली. निपाणीला जाऊन आली, बोरगावला चुलत बहिणीच्या लग्नात पोटभर जेवली, टिळकवाडीतल्या घराचं सगळं वायरिंग बदलून दिलं. निघाली तेव्हा मी स्टेशनवर गेले होते. ती खिडकीत बसली होती आणि मी काहीतरी विचारीन म्हणून घाबरल्यासारखी माझ्याकडे बघत होती. परत कधी येशील, हेच मी विचारणार असं तिला वाटलं असावं.

मी म्हटलं, "तिकडं पाणी कधी मोकळं हुतं गं?"

"जूनच्या शेवटाला," ती म्हणाली.

"मग त्याच्या आत पोच."